टेबल हिले

सुलूचे मोठेबाबा,

अन् वरून रंग मारून ठेवला! राखाडी ऑइलपेंट, एक नाही, दोन हात. मी चार दिवस गोंदियापल्याड गोरेगावकडं मायच्या घरी काय गेली, आली तं तुमचं टेबल दवाखान्यातल्या खाटेसारखं चमकून राहिलं होतं. तुमचा भाऊ बाजूले उभा, हातात ब्रश, अन् तोंड असं की मी आता शाबासकी देईन. वेल्डिंगच्या टेबलाले रंग मारते का कोणी? अकरा वर्षं त्या लोखंडाले मी रंगाचा थेंब लागू दिला नाही!

हातातली पिशवी ठेवली अन् पहिले अर्थिंगचा चिमटा टेबलाले लावला. एक तुकडा वर ठेवला, रॉड टेकवला. ठिणगी नाही. रंगातून करंट जाते का? तुमचा भाऊ म्हणते, कोपऱ्यात उलसं खरवडू, तिथं चिमटा लावत जाऊ. मंग रंग मारला कायले? तं म्हणते, सोमवारपासून नवा मिस्त्री येऊन राहिला, रायपूरकडचा, त्यानं सांगतलं. तो दुकान पाहाले आला होता तेव्हा मलेही म्हणून गेला होता, "भाभी, नंगा लोहा अच्छा नहीं लगता. ग्राहक देखता है." मी त्याले विचारलं, ग्राहक टेबल पाहाले येते का गेट पाहाले? तो हसला. तुमच्या भावाले माझं बोलणं आवडलं नाही.

हे कोणाले सांगू? सुलूले सांगतलं तं ती म्हणते, जाऊ दे ना माय. सगळ्यायचं एकच, जाऊ दे. म्हणून तुमाले लिहून राहिली. चौथीत शाळा सुटली माझी, चुका काढत बसू नका.

तुमाले काय म्हणून हाक मारू, इथंच पहिले अर्धा घंटा गेला. कधी मारलीच नाही ना! भासरा अन् लहान भावाची बायको. आपल्या लोकायत बोलत नाही, शिवत नाही, नाव घेत नाही, समोरासमोर बसत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तुमी दारात खाकरायचे अन् मी पदर ओढून बाजूले व्हायची. तुमाले चहा द्यायचा असन तं मी सुलूले सांगायची, सुलू नसन तं भिंतीले सांगायची, "अगे माय, चहा झाला म्हणून कोणी सांगा." तुमी ऐकायचे अन् भिंतीलेच म्हणायचे, "ठेव म्हणा." लय काम केलं त्या भिंतीनं. म्हणून आता पोरगी तुमाले जे म्हणते तेच मी वर लिहिलं. तिकडंही असा नियम असन तं तोंड फिरवून वाचा.

ते टेबल बनवलं तेव्हा मी दारातून पाहत होती, तुमाले माहीत आहे का? गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सालची गोष्ट. कुडव्यात घरासमोर दुकान टाकलं अन् तुमी एका मोडलेल्या राइसमिलची प्लेट उचलून आणली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, चार सूत जाड. तेव्हा सूत म्हणजे काय मले समजत नव्हतं. इंचाचे आठ भाग केले की एक सूत, हे मागून तुमच्यापाशीच शिकली. गंजानं लाल झालेली ती प्लेट पाहून मले वाटलं, हे काय भंगार आणलं. दोघा भावायनं तीन दिवस घासली. आतून मासोळीच्या पोटासारखी निघाली.

मंग पायावर प्लेट जोडायची वेळ आली. तुमचा भाऊ एका टोकाकून लांबच लांब वेल्डिंग माराले लागला. तुमी त्याच्या हातातून होल्डर काढून घेतला. एक टाका इकडं दिला, मंग फिरून समोरच्या बाजूले एक, मंग या कोपऱ्यात, मंग त्या. अन् म्हणाले, "एका जागी तापवशीन तं पत्रा रुसून वाकते. त्याले समजू द्यायचं नाही की आपण त्याले बांधून राहिलो." मी दारामागं हसली. तुमचं बोलणं मी असंच ऐकलं, दुसऱ्याले म्हटलेलं.

टेबल उभं झालं तेव्हा लोटाभर पाणी मधात ओतलं तुमी. आपल्या आजापंज्यायनं तलावाच्या पाळी बांधल्या, त्यायच्या नातवाले लेव्हल पाहाले दुसरं काय सुचणार! पाणी मधातच थांबलं, कोणत्याच बाजूले पळालं नाही. तुमी तोंडभर हसले. अन् लगेच खांद्यावरचा दुपट्टा काढून थेंबन् थेंब पुसून घेतला. कोऱ्या लोखंडाले पाण्याइतका वैरी नाही, हे मी त्या दिवशी शिकली.

पुढं वर्षभरानं, तुमचा भाऊ गिरील बसवाले गेला होता अन् मी डबा घेऊन आली. तुमच्यापाशी एक लांब अँगल होता, एक टोक टेबलावर, दुसरं हवेत झुलून राहिलेलं. तुमी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या झुलत्या टोकाकडं पाहिलं अन् हातोडीनं टेबलावर एक ठोका मारला. मी डबा खाली ठेवला अन् जाऊन टोक धरलं. काम झालं तसे दोन ठोके मारले. मी सोडलं. बस, अशी मी कामाले लागली. घरी सासूबाईनं विचारलं, बोलली तं नाही ना? मी म्हटलं, नाही. मंग ठीक, म्हणे.

ठोक्यायनं भागेना तसा खडू आला. टेबलच आपली पाटी झालं. बाण काढला की इकडून काप. फुली काढली की इथं चुकलं. आकडे सुतात. एक दिवस तुमी नुसतं "पदर" लिहिलं अन् खाली दोन रेघा ओढल्या. मले राग आला. वाटलं, डोक्यावरचा पदर घसरला म्हणून सांगून राहिले. दुसऱ्या दिवशी टेबलावर तुमच्या भावाचा जुना फुलबाहीचा शर्ट घडी करून ठेवलेला. तेव्हा समजलं. पदराले ठिणग्यायची सात भोकं पडली होती, तुमी मोजली असतीन. त्या दिवसापासून लुगड्यावर शर्ट घालून काम केलं मी. सारा कुडवा हसला. तुमी नाही हसले.

एकदा मी ओला लोटा टेबलावर ठेवून गेली. सकाळी लाल गोल उमटला. तुमी त्या गोलाभोवती खडूनं आणखी एक गोल काढला अन् लिहिलं, "पाणी." एवढंच. मी पालिश कागद घेऊन दुपारपर्यंत घासत बसली. अन् एकदा तुमी पट्टी बसवाची जागा तीन सूत लिहिली, मी पुसून चार लिहिली. तुमी मोजलं, परत मोजलं. चार राहू दिलं. बाजूले लिहिलं, "बरं." मी तो शब्द संध्याकाळपर्यंत तीनदा जाऊन पाहिला.

मंग संध्याकाळी मीच पुसला! नियमच होता ना. काम थांबलं की छन्नीनं वेल्डिंगचे छर्रे काढायचे, कोरड्या चिंधीनं सगळं झाडायचं, अन् मंग टोरीचं तेल. ते तेल माझ्या मायकडून यायचं, मोहाच्या बियायचं. थंडीत तुपासारखं गोठायचं तं मी डबी ताज्या वेल्डिंगच्या बाजूले ठेवायची, पत्र्याच्या गरमीनं पाझरायचं. हातानं पातळ चोपडायचं. तेल डोळ्याले दिसाले नाही पायजे, बोटाले लागलं पायजे. बरसातीत दोनदा. अकरा वर्षं एक दिवस खाडा नाही. अन् तेवढ्या वर्षायचं आपलं सगळं बोलणं त्या चिंधीत गेलं. आज कोणी म्हटलं, दाखव, भासऱ्यानं तुले काय शिकवलं, तं दाखवाले काही नाही. तेलाची काळी चिंधी.

एक विचारू? तुमी काऊन नाही बोलले? मी लहान होती, माझ्या तोंडाले कुलूप होतं. तुमी मोठे होते. जाऊबाई लवकर गेल्या, लेकरू नाही, सासूबाई विचारायच्या तं मलेच, तुमाले टोकणारं घरात कोण होतं? एक दिवस नुसतं "सूनबाई, इकडं धर" म्हटलं असतं तं आभाळ कोसळलं असतं का? पहिला शब्द तुमचा होता. तो तुमी दिला नाही. याचा राग मले आहे, अन् तुमी मेले म्हणून कमी झाला नाही.

आता त्या दिवसाचं लिहिते. लिहाचं नव्हतं.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. तुमचा भाऊ गोरेगावले गेट बसवाले गेला होता. दुपारचं ऊन. तुमी टेबलाच्या त्या बाजूले, मी या बाजूले, मधात एका गोदामाचं गेट. एक ठोका आला. मी पाहिलं तं धराले काही नव्हतं. तुमी टेबलाची कोर दोन्ही हातायनं पकडली होती. तोंड पांढरं, घाम असा की टेबलावर टपकून राहिला. अन् मले पहिले काय सुचलं माहीत आहे? घामानं गंज चढते. चिंधी घेतली मी पुसाले! मंग डोळे पाहिले तुमचे.

तीन फुटायचं टेबल. पलीकडं येऊन तुमाले धराले दोन पावलं लागली असती. मी नाही आली. मी बाहेर पळाली, रस्त्यावर, अन् पंक्चरवाल्या रफीकभाईले ओरडली. त्यायच्या हातात ट्यूब होती, हात धुवून येतो म्हणाले, त्यायले काय माहीत. मी परत ओरडली. तेवढी मिनिटं तुमी एकटे होते. आमी आत आलो तं तुमचं डोकं टेबलावर अन् बोटात खडू. रफीकभाई अन् ऑटोवाल्यानं उचललं. गोंदियाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाला.

दहाव्याले साऱ्या बाया म्हणाल्या, हिरकननं शेवटपर्यंत मर्यादा राखली. मी ताट सोडून उठली.

तुमच्या डोक्याखाली टेबलावर दोन शब्द होते. वाकडे, उतरत गेलेले. "टेबल हिले."

ते मी पुसलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा चिंधी फिरवली नाही. रोज आजूबाजूनं तेल लावायची, तेवढी वीतभर जागा सोडून. बिनतेलाची ती जागा हळूहळू पिवळी झाली, मंग लाल. चढू दे म्हटलं गंज.

अन् त्या दोन शब्दायवरून घरात तीन महिने भांडण. मी म्हणते, सरळ आहे. हिले म्हणजे मले. घरात माझ्याबद्दल बोलायचं असन तं तुमी हेच म्हणायचे, हिले द्या, हिले विचारा. टेबल हिले. म्हणजे माझ्यामागं टेबल हिच्या हातात राहू द्या. तुमचा भाऊ म्हणते, बाईले टेबल कोण देते? हिले म्हणजे हिलून राहिलं. अर्धी बोली आपली हिंदीच आहे, गोंदियात राहून दादा हिलते म्हणाचे, हलते नाही. मधला "त" लिहाले ताकद राहिली नसन. दादा शेवटपर्यंत कामाचंच बोलले, पाय तपासून घे असं सांगून गेले. असं म्हणून तो रोज टेबलाच्या पायाखाली वाकून पाहायचा, अन् मी म्हणायची, दिसलं का हिलताना? तो म्हणायचा, तू गप राह्य.

अन् मंग मी मायकडं गेली अन् यानं रंग मारला. तुमच्या अक्षरावरून. सुलू म्हणते, बाबा रंगवताना रडून राहिले होते माय, त्यायले ते शब्द पाहवत नव्हते. असन. मले ते ऐकून आणखीच राग आला. रडायचं होतं तं माझ्यासमोर रडायचं, ब्रश कायले पायजे?

दोन दिवस ग्राइंडरले तारेचा ब्रश लावून रंग काढला मी. टेबल परत पांढरं निघालं, पण रंगासंग खडूही गेला, गंजही गेला. मंग मनात आलं, एकदाचा निकाल लावू. पाणी ओतलं. मधात थांबलं. पुसलं. बेअरिंगची गोळी ठेवली. गोळी जागची हलली नाही. मंग मी कमरेनं धक्का मारला, चारी कोपऱ्यायवर हात टेकून जोर दिला. ते टेबल उलसंही हललं नाही. पहिल्या दिवशी होतं तसं.

मी जिंकली, मोठेबाबा! चिंधी हातात तशीच घेऊन घराकडं निघाली, तुमच्या भावाच्या तोंडावर सांगाले, की पाह्य, टेबल हिलत नाही, म्हणजे हिले म्हणजे मीच. दुकानाच्या उंबऱ्यावर पोचली अन् पाय थांबले.

टेबल हिलत नव्हतं, अन् तरी तुमाले ते हिलताना दिसलं असन, तं हिलत काय होतं? तुमी.

चक्कर येणाऱ्या माणसाले जमीन फिरताना दिसते. माझी माय असंच म्हणायची, खाट हिलून राहिली, धर मले. तुमी मले आवाज देऊ शकत नव्हते. तुमच्यापाशी खडू होता. तुमी एक ठोका मारला, मी नाही आली, मंग तुमी लिहिलं. टेबल हिले. धर. अन् मी रस्त्यावर दुसऱ्या माणसाले ओरडून राहिली होती.

असं आहे का?

तेव्हापासून मले बसवत नाही. पोळी तव्यावर टाकते अन् दुकानात येते, दुकानात येते अन् कायले आली ते विसरते. एकदा वाटते, मरणाऱ्या माणसानं टेबल कोणाले द्यायचं ते लिहिलं असन, जीव त्यातच होता त्याचा. दुसऱ्यांदा वाटते, मरणाऱ्या माणसाले टेबलाचं काय पडलं असन, त्याले हात पायजे असन. तुमच्या भावाले हे सांगतलं नाही. त्याले तो टेबलाचा पायच बरा. त्यालेच धरून बसू दे त्याले.

ते टेबल कोरंच राहीन, हे मी सांगून ठेवते. मी जिवंत आहे तोवर कोणाचा ब्रश त्याले लागणार नाही. अन् आणखी एक. सुलूचं लग्न ठरून राहिलं, त्या घरात मोठा भासरा आहे. तिले मी काल बसवून सांगतलं, भासरा असो, सासरा असो, माणूस पडून राहिला तं पहिले हात धर, मंग पदर पाह्य. ती म्हणाली, लोक काय म्हणतीन? मी म्हटलं, लोक तुले चांगलं म्हणतीन, अन् ते चांगलं मी ऐकलं आहे, ते ऐकू नको. हे मी पाळवून घेईन तिच्याकून.

पण माझं काय ते सांगा. मिस्त्री सोमवारी सकाळी येते. तुमचा भाऊ म्हणते, त्याले टेबलापाशी उभं करायचं अन् मी घरी बसायचं. मी म्हटलं, सोमवारी पाहू. तुमी टेबल मले दिलं असन तं मिस्त्री खाली फरशीवर काम करीन अन् मी तिथंच उभी राहीन, कोणाच्या बापाले हटणार नाही. अन् तुमी हात मागितला असन तं तेही सांगा, मऊ करून नाही, सरळ सांगा. ऐकून घेईन. तरी टेबल सोडणार नाही, पण मंग ते मले मिळालं असं नाही म्हणणार कधी.

दोन्हीपैकी एक. टेबल पुसून ठेवलं आहे, खडू वर आहे, सपनात याचं असन तं सपनात या. मले रविवारच्या संध्याकाळपर्यंत उत्तर पायजे.

हिरकन
(तुमच्या लहान भावाची बायको)